ताठ बसा, घरतबाई

हौसा घरत रागीट बाई आहे, असं भात संघात सगळेच म्हणायचे. ते खोटं नव्हतं. पण नोकरीला लागली तेव्हा ती तशी नव्हती, हे मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. लागली तेव्हा ती पंचविशीतली, बुटकीशी, सावळी, खाली बघून हसणारी मुलगी होती. पनवेलजवळच्या तिच्या गावात मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली ती पहिली बाई, म्हणून तिचं कोण कौतुक!

सगळ्यात जास्त कौतुक तिच्या आईला, बुधीला. बुधीचा जन्म वाकण्यात गेला होता. उन्हाळ्यात मिठागरात वाकून मीठ ओढायचं, पावसात चिखलात वाकून भात लावायचं, आणि मधल्या दिवसांत कुणाच्या तरी खळ्यात, कुणाच्या तरी अंगणात पुन्हा वाकायचंच. चाळिशीतच तिची पाठ अशी धरली की परत सरळ झालीच नाही. रस्त्यात कुणी हाक मारली तर त्याचं तोंड बघायला तिला कोंबडीसारखी मान वर काढावी लागे. निजायची तीही कुशीवरच. पाठीवर निजणं म्हणजे काय, ते ती विसरून गेली होती.

"माजी पोर खुर्चीवर बसल," ती शेजारणींना सांगायची. "माज्यावानी वाकनार नाय ती."

गावातली बहुतेक जमीन नव्या शहराखाली गेली, तेव्हा घरात जे काही थोडंफार आलं त्यातून तिने पोराआधी पोरीला टायपिंगच्या क्लासला घातलं. भावकी हसली. बुधीने कुणाला भीक घातली नाही.

गाढी-खोरे सहकारी भात खरेदी संघाची बैठी इमारत बाजारपेठेच्या मागे होती. पुढे कचेरी, मागे गोदाम. हौसाला पहिल्या दिवशी जे टेबल दाखवलं ते गोदामातून आणलेलं होतं. पूर्वी त्याच्यावर बियाण्याच्या पुड्या बांधायचे. उभ्या माणसाच्या बेताने केलेलं, सागवानी, दणकट. त्याच्यावर टायपरायटर, आणि समोर लोखंडी घडीची खुर्ची. हौसा बसली तर टायपरायटरच्या कळा तिच्या छातीशी आल्या. तिने खुर्चीवर गोणपाट दुमडून ठेवलं. हात जरा वर आले, पण पाय जमिनीवरून सुटले. पायाखाली वीट घेतली तर ती सारखी निसटायची. शेवटी हात वर धरून, खांदे कानांपाशी नेऊन तिने कामाला सुरुवात केली. नवी नोकरी, पहिला दिवस. टेबल उंच आहे म्हणून कोण बोलणार?

त्यात काम बहुतेक स्टेन्सिलचं, म्हणजे छापून प्रती काढायच्या मेणकागदाचं. स्टेन्सिल कापायची तर प्रत्येक कळ ठोकावी लागते. संध्याकाळपर्यंत तिच्या मानेत कुणीतरी खिळा मारल्यासारखं व्हायचं. पहिलं वर्ष ती घरी जाऊन शेक घ्यायची. पुढे उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. मग भाकरी थापताना हात मध्येच गळून पडायला लागला.

तिचा नवरा भगवान तळोज्याच्या एका कारखान्यात मशीनवर होता. आठ तास उभा. घरी आला की तो टमरेलभर मीठ टाकून बादलीत पाय सोडून बसायचा. पोटऱ्यांवर शिरांच्या गाठी आल्या होत्या.

"तुजी मान, माजे पाय," तो म्हणायचा. "नोकरी म्हटली की कायतरी दुखनारच."

भगवान वाईट नव्हता. पण त्याचं हे बोलणं ऐकलं की हौसाचे कान तापायचे. दुखणं हे पगाराबरोबर मिळतं, असं हा माणूस किती गुपचूप मान्य करून बसलाय, असं तिला वाटायचं.

संघाचे मॅनेजर कमलाकर प्रधान. उंच, नीटनेटके, कधी आवाज न चढवणारे. पहाटे उठून आसनं करायचे आणि त्याबद्दल सगळ्यांना सांगायचे. हौसाच्या टेबलावरून जाताना त्यांना एक सवय होती. हातातली पट्टी तिच्या खुर्चीच्या पाठीवर टकटक वाजवायची आणि म्हणायचं, "ताठ बसा, घरतबाई."

दिवसातून कितीदा तरी. प्रेमाने म्हणायचे, असं त्यांना स्वतःला नक्की वाटत असणार.

हौसाने एकदा धीर करून सांगितलं, "साहेब, टेबल उंच पडतंय. बुटकं मिळालं तर बरं होईल."

"बघू. पुढच्या मीटिंगला ठेवतो."

मीटिंगा झाल्या. खतावर झाल्या, बारदानावर झाल्या, संचालकांच्या सहलीवरही झाली. टेबलावर काही झाली नाही. हौसाने दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. चौथ्या वेळेला तिच्या आवाजात धार आली, तेव्हापासून ती रागीट ठरली.

डॉक्टरने तिला मानेचा पट्टा दिला. "ताठ बसत जा," तोही म्हणाला, तिच्याकडे न बघता. हौसाला त्याची मान तिथल्या तिथे पिरगाळावीशी वाटली. ताठ बसायला ती काय नको म्हणत होती? ताठ बसलं की हात टायपरायटरपर्यंत पोचत नव्हते, आणि हात पोचले नाहीत तर पगार पोचणार नव्हता. पट्टा बांधून ती कचेरीत गेली तर कारकुनांनी खोकल्याआड हसून घेतलं. "बाई, आता बघा कशी ऐट आली," एक जण म्हणाला. त्या दिवशी तिने कळा अशा ठोकल्या की 'अ'चं अक्षर स्टेन्सिलमधून आरपार गेलं.

एकोणीसशे एकोणनव्वद साली संघाचा मोठा वर्धापनदिन आला. संचालकांच्या दालनाला रंग लागला, आणि टेम्पोतून खुर्च्या उतरल्या. गोल फिरणाऱ्या, मऊ गादीच्या, डोक्याच्या वरपर्यंत पाठ असलेल्या. हे संचालक महिन्यातून एकदा यायचे, चहा प्यायचे आणि जायचे. गोमा हमालाने त्या खुर्च्या एकेक करून डोक्यावरून आत नेल्या. हौसा समारंभाचं निमंत्रण टाइप करत होती. ती उठली आणि थेट प्रधानसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली.

"एवढ्या खुर्च्या आल्या, साहेब. एक बुटकं टेबल नाय आलं?"

"त्याची तरतूद नव्हती, घरतबाई." प्रधान हसले. "आणि खरं सांगू का? दोष टेबलात नसतो, सवयीत असतो. आमच्या घरी बघा, जेवतानाही कुणी पोक काढून बसत नाही."

तुमच्या घरी तुमच्या उंचीचं टेबल आहे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण घरी हप्त्यावर घेतलेली शिलाई मशीन होती, पोरीची शाळा होती. तिने ते गिळलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिची आई कचेरीत आली. उरलेल्या जमिनीच्या तुकड्याला खत पाहिजे होतं आणि बुधीच्या नावावर संघाचं सभासदत्व होतं. लेक नोकरीला लागल्यापासून ती कचेरीत कधी आली नव्हती. आपल्या लेकीला लाज वाटेल, असं काहीतरी तिच्या मनात असायचं. ती दारात आली, काठीवर रेलली आणि मान वर काढून बघत राहिली.

हौसाला कुणीतरी बघतंय असं वाटलं. तिने वळायचा प्रयत्न केला. पट्ट्यामुळे अख्खं अंग वळवावं लागलं.

"आये? तू कशाला आलीस?"

बुधी सरकत सरकत टेबलापाशी आली. तिने एक हात टेबलाच्या फळीवर ठेवला, मग लेकीच्या उचललेल्या खांद्यावर ठेवला. खांदा दगडासारखा झाला होता.

"ही तुजी खुर्ची?" ती म्हणाली. "मना वाटला, तू सुखात हाईस. तू तं वजा उचलतेस पोरी. डोक्यावर पाटी नाय, येवडाच काय तो फरक."

"जा तू आये. कामात हाय मी."

"मी तुला याच्यासाठी शिकवली व्हय गं?"

"जा म्हटलं ना!" हौसा ओरडली. अख्खी कचेरी थांबली. बुधी वळली आणि खताची चिठ्ठी न घेताच, काठी टेकत, रस्त्याला लागली. हौसाला हुंदका आला तो तिने दातांखाली दाबला. आणि नेमका तेव्हाच खुर्चीच्या पाठीवर टकटक वाजलं.

"ताठ बसा, घरतबाई. आणि आवाज जरा खाली."

भगवानचा चुलतभाऊ काशिराम करंज्याला होड्यांचं सुतारकाम करायचा. त्याची जुनी करवत हौसाच्या घरी माळ्यावर पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हौसा ती गोणपाटात गुंडाळून, कचेरी उघडायच्या आधीच संघात गेली. गोदामाचं दार गोमाने उघडलं होतं.

गोमा डोंगराकडच्या वाडीवरचा, ठाकर. भाताची गोणी पाठीवर घेऊन त्याची निम्मी हयात गेली होती. त्याने करवत बघितली आणि हौसाचं तोंड बघितलं.

"काय करतंस बाय?"

"टायपरायटर खाली उतरव. टेबल उलटं करू लाग."

त्याने केलं. हौसाने खुर्चीवर बसून, हात सैल सोडून, कोपर कुठे येतं ते आधीच बघून ठेवलं होतं. टेबलाच्या चारी पायांवर तिने खडूने रेघा मारल्या आणि कापायला बसली. सागवान ते, सहजासहजी कुठलं ऐकतंय! करवत बोटभर गेली की अडकायची. तिच्या हाताला मुंग्या आल्या, मानेतला खिळा खोल जायला लागला, घामाने पट्टा चिकटला. तिने पट्टा ओरबाडून काढला आणि कोपऱ्यात फेकला.

"दे बाय, मी कापतो."

"तू हात लावू नको. तुझं नाव यायला नको याच्यात."

गोमाने करवतीला हात लावला नाही. पण टेबल हलू नये म्हणून त्याने गुडघा मात्र टेकवला.

दोन पाय झाले, तिसरा निम्म्यावर आला आणि प्रधानसाहेब दारात उभे राहिले. मागे कारकून.

"हे काय चाललंय?"

हौसाने वर बघितलं नाही.

"घरतबाई! ही संघाची मालमत्ता आहे!"

"हो ना." करवत चालू होती. "माझी मान पण संघाच्याच कामात गेली. तिची नोंद हाय का कुठे?"

"थांबवा ते. आत्ताच्या आत्ता थांबवा."

तेव्हा ती उठली. करवत हातातच होती. प्रधान एक पाऊल मागे सरकले. हौसाचा आवाज फुटला तेव्हा कचेरीतली भाषा त्यातून गळून पडली होती.

"किती वर्षं तुमी मागून टकटक करताव साहेब! ताठ बसा, ताठ बसा! एकदा तरी माज्या खुर्चीवर बसलात? बसा की! बसा आनि हात वर करा, आनि दिवसभर धरा! फिरनाऱ्या खुर्च्या आनल्या, त्यांना महिन्यातून एकदा बूड लागतंय. माजी आय मिठागरात वाकली, तवा तिला ताठ बस सांगनारा कोन नव्हता. तुमी तेवडा एक नवीन काडलात. मोडायचा पन आमी, आनि वर तुमचा ऐकायचा पन आमी?"

तिने खाली बसून तिसरा पाय तोडला. चौथ्याला करवत लावताना म्हणाली, "आता थांबले तर टेबल लंगडं राहील. मग ते कुणाच्याच कामाचं नाय."

चौथाही पडला. गोमाने टेबल सुलटं केलं, त्याच्यावर टायपरायटर ठेवला. हौसाने गोणपाट भिरकावून दिलं आणि खुर्चीवर बसली. पाय जमिनीला लागले. हात कळांवर गेले आणि खांदे जागच्या जागी राहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिला त्याचा आनंद झाला नाही. इतकं साधं होतं, एका सकाळचं काम होतं, या विचाराने ती आणखीच पेटली.

प्रधानांनी निलंबनाचा हुकूम लिहिला. पण तो टाइप करणार कोण? संघात टाइप येणारी ती एकटीच. कागद हातात धरून ते जरा घुटमळले.

"द्या इकडे," हौसा म्हणाली.

आणि स्वतःच्या निलंबनाचा हुकूम तिने स्वतः टाइप केला, एकही चूक न करता, तीन प्रतींत. एक प्रत पर्समध्ये घातली आणि घरी गेली.

भगवान भयंकर भडकला. पोरीच्या शाळेचं काय, घराचं काय, असं त्याने ओरडून विचारलं. हौसाही ओरडली. शेजारी दारात आले. भगवान मग बाहेर निघून गेला. आदल्या दिवशी कचेरीतून निघालेली बुधी लेकीकडेच येऊन राहिली होती. ती भिंतीशी बसून ऐकत होती.

"चारी पाय कापलेस?" सगळं शांत झाल्यावर तिने विचारलं.

"चारी."

"बरा केलास." एवढं बोलून ती कुशीवर झाली.

त्या पावसाळ्यात बुधीला ताप आला आणि थोड्याच दिवसांत ती गेली. गावच्या घरी तिरडी बांधली. पण बुधी काही तिरडीवर नीट राहीना. पाठीवर ठेवली की डोकं आणि खांदे अधांतरी, गुडघे वर. बायका कुजबुजायला लागल्या. गावचा गणू केणी, जो संघात संचालक होता, पुढे झाला. "जरा दाबून सरळ करा रे," तो म्हणाला, आणि दोघा पोरांनी गुडघ्यांवर हात ठेवले.

"हात काढा!"

हौसा बायकांमधून उठून आली होती. केस सुटलेले, डोळे कोरडे.

"हौसा, अगं असं नेता येत नाय. सरळ करायलाच लागतंय."

"जिती होती तवा सरळ करायला आला नाय कोन. मिठाची पाटी उतरून घ्यायला आला नाय. आता मेल्यावर तिची हाडं मोडताव, तुमच्या डोल्यांना बरा दिसावा म्हनून? कुशीवर निजायची ती. कुशीवरच न्या."

गणू काहीतरी बोलणार होता, पण भगवानने पुढे होऊन त्या पोरांचे हात बाजूला केले. बायकोशी महिनाभर धड न बोललेला तो माणूस खाली बसला, सासूला त्याने हलकेच कुशीवर वळवलं आणि अंगावर कापड ओढलं. मग तिला तशीच नेली. पाऊस पडत होता, वाट निसरडी होती, आणि खांदा देणाऱ्यांत भगवान सगळ्यात पुढे होता.

संघाची चौकशी भाताच्या हंगामापर्यंत रेंगाळली. माफी लिहून द्या, प्रकरण मिटवतो, असं प्रधानांनी कळवलं. टेबल उंच होतं हे आधी तुम्ही लिहा, असं हौसाने उलट कळवलं. प्रधानांनी ते लिहिलं नाही, तिने माफी लिहिली नाही. तात्पुरता आणलेला टायपिस्ट त्या कापलेल्या टेबलावर बसून आरामात काम करायचा आणि टेबल छान आहे म्हणायचा, असं गोमाने तिला बाजारात भेटून सांगितलं. ते ऐकून तिला हसूही आलं नाही.

शेवटी गणू केणी संचालकांच्या बैठकीत म्हणाला की बाईला परत घ्या. का, ते त्याने सांगितलं नाही. गावात तोंड दाखवायचं होतं म्हणून असेल, किंवा त्या पावसातलं काही त्याच्या मनात राहिलं असेल. तिला घेतली, पण कचेरीत नाही. मागे गोदामात, वजनकाट्यावर. तिथे टेबलही नव्हतं आणि खुर्चीही नव्हती. दिवसभर उभं राहायचं, गोण्यांचं वजन बघायचं आणि पावती फाडायची. ही शिक्षाच होती आणि ती शिक्षा आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

मान पूर्वीइतकी दुखेनाशी झाली, पण आता पाय सुजायला लागले. भगवान बादलीत पाय सोडायचा, तशी दुसरी बादली घरात आली. स्टुलासाठी ती पुन्हा भांडली. प्रधानांची बदली होऊन नवे मॅनेजर आले, तेव्हा कुठे ते मिळालं. मानेतली कळ मात्र कायमची राहिली. थंडीत अख्खा हात बधिर व्हायचा.

काट्यापासून तिला रोज हमालांच्या पाठी दिसायच्या. गोदामाला ट्रकच्या फळीएवढा उंच ओटा होता. ट्रक मागे घेऊन ओट्याला लावला तर गोणी खांद्यावरून सरळ ट्रकात जाते. पण वळवायला वेळ लागतो, म्हणून ड्रायव्हर ट्रक रस्त्यावरच उभे करायचे, आणि हमाल जमिनीवरून गोणी उचलून, वाकून, तिरप्या लावलेल्या फळीवर चढून ट्रक भरायचे. गोमा आता गोणी टाकली की कंबर धरून उभा राहायचा आणि तोंडातून आवाज न काढता श्वास सोडायचा.

एक दिवस तिने पावती फाडलीच नाही.

"पावती द्या बाई, उशीर होतोय," ड्रायव्हर म्हणाला.

"ट्रक ओट्याला लाव."

"काय?"

"ऐकू येत नाय? ओट्याला लाव. नाहीतर पावती नाय."

ड्रायव्हरने शिवी हासडली. हौसाने त्याच्या दुप्पट जोरात, आगरी बोलीतली, बंदराकडच्या बायकांच्या तोंडात शोभणारी शिवी परत केली. नवे मॅनेजर खिडकीत आले, त्यांनी प्रकार बघितला आणि खिडकी लावून घेतली. मागे आणखी ट्रक हॉर्न वाजवायला लागले.

"बाय, जाऊ दे," गोमा म्हणाला. "आमाला सवय हाय."

"तू गप!" ती त्याच्यावरही खेकसली. "सवय हाय म्हणे. तिथं उभा राहा आनि गोनीला हात लावू नको. कुनी हात लावायचा नाय."

हमाल उभे राहिले. ड्रायव्हरने स्टिअरिंगवर हात आपटला, दार धाडकन लावलं आणि इंजिन सुरू केलं. ट्रक कुरकुरत, धूर सोडत मागे यायला लागला. हौसा कमरेवर हात देऊन ओट्याच्या टोकाला उभी होती.

"अजून मागे," ती ओरडली. "अजून. लाव नीट. अजून ये मागे!"